वज्रभानाचा उजवा हात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे संस्थापक आदरणीय श्यामकांत राजाध्यक्ष साहेब, आजचे सत्कारमूर्ती, आपल्या टूलरूमचे श्री. नंदकुमार मेस्त्री, म्हणजे आपल्या सगळ्यांचे नंदूभाऊ, पहिल्या रांगेत बसलेल्या रत्नप्रभावहिनी, त्यांची लेक चि. रुचिरा, टूलरूम, मोल्डिंग, रंगकाम, पॅकिंग आणि गोडाऊन या सर्व खात्यांतले माझे सहकारी, त्यांचे कुटुंबीय, आणि मागे दाराशी उभी असलेली केटरिंगची मंडळी, ज्यांच्याकडे तुम्ही सगळे माझ्यापेक्षा जास्त आशेनं बघताय, सर्वांना माझा नमस्कार.

मी उत्तरा काणे. डिझाइन खातं सांभाळते. आत्ता सर्वेशनं माझी ओळख करून देताना 'वज्रभानाच्या एकतीस व्हेरियंटची जननी' असे शब्द वापरले. सर्वेश, तू मार्केटिंगचा माणूस, विशेषणं वाटायला तुला काही पैसे पडत नाहीत. पण ते शब्द जपून ठेव, भाषण संपेपर्यंत मी ते तुला परत करणार आहे. आणि घड्याळ दाखवू नकोस. साडेआठला या हॉलमध्ये साखरपुडा आहे हे मला माहीत आहे. मुलुंडमध्ये हॉल मिळवणं म्हणजे काय असतं ते मुलुंडकरांना सांगायला नको. मी वेळेत संपवते.

जे आज कुटुंबाबरोबर पहिल्यांदाच आलेत त्यांच्यासाठी दोन शब्द. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या आपल्या कारखान्यात आपण खेळणी बनवतो, आणि त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं म्हणजे वज्रभान. सहा इंचाचा महानायक. निळा अंगरखा, छातीवर विजेची खूण, कपाळावर आठी. आठी का, तर तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मला वाटायचं की थोर माणसं सतत चिडलेली असतात. दारातून आत येताना तुम्ही एक लांब टेबल पाहिलं असेल. बोरिवलीहून आलेल्या मुकुलनी ते मांडलं आहे. मुकुल बँकेत अधिकारी आहेत, चौतीस वर्षांचे आहेत, आणि आपण आजपर्यंत बाजारात आणलेले एकतीसच्या एकतीस वज्रभान त्यांच्याकडे आहेत. त्यांच्या सौभाग्यवतींचा मोठेपणा असा, की दिवाणखान्यातलं काचेचं कपाट त्यांनी या एकतीस जणांना सोडून दिलंय. त्यांच्यासाठी एकदा टाळ्या होऊ द्यात.

त्या टेबलावर पहिला आहे तोफहात वज्रभान. मग हिम-वज्रभान. मग पाणबुडा, अग्निशामक, यष्टिरक्षक. एकाच्या हाताला कोळ्याचं जाळं गुंडाळलेलं आहे, तो आम्हाला माहुलच्या किनाऱ्यावर सुचला होता. एक ढोल वाजवतोय. एक भट्टीतून पाव काढतोय. एक मधमाश्या पाळतो, त्याचे खोके गोडाऊनमध्ये अजून आहेत, कोणाला हवे असतील तर जाताना घेऊन जा. आणि एक आहे जखमी वज्रभान, उजव्या हाताला प्लास्टर, गळ्यात झोळी. मार्केटिंगनं कपाळावर हात मारला होता. महानायकाचा हात मोडला, तर पोरं तो घेतील कशाला? पण तो धो धो खपला. घाटकोपरच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी दवाखान्यात त्याचा खोका ठेवला होता. प्लास्टर घालताना रडणाऱ्या मुलाच्या दुसऱ्या हातात ते वज्रभान द्यायचे, आणि मूल गप्प व्हायचं.

बावीस वर्षांत मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कोणता असेल? अहो, ही इतकी चित्रविचित्र सोंगं कशाला? शाळांमध्ये, प्रदर्शनांत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत कोणी तरी मला हे विचारलं आहे. महानायक म्हटला की त्यानं विजा फेकाव्यात. तो मधमाश्या का पाळतो? आणि त्याचं उत्तर देण्यात मी इतकी तरबेज झाले, की एका संस्थेनं मला त्या विषयावर व्याख्यान द्यायला बोलावलं, आणि वर शालही दिली.

ते उत्तर खोटं नाही. पोलाद हट्टी असतं आणि रंग स्वस्त असतो. एक मोल्ड, म्हणजे पोलादी साचा, कापायला तीन-तीन महिने जातात, पण एकदा तो तयार झाला, की त्याच अंगावर पांढरा रंग दिला तर बर्फातला नायक, पिवळा दिला तर आगीतला. दुकानदाराकडे गेलात की त्याचा पहिला शब्द असतो, "नवीन काय?" जुनं कितीही चांगलं असलं तरी ते त्याच्या फळीवर आधीच बसलेलं असतं. आणि मूल? ज्याच्याकडे एक वज्रभान आहे, त्याला तसाच दुसरा त्याची आई घेऊन देणार नाही. पण पोरगं म्हणतं, "अगं आई, हा पाण्यातला आहे ना! तो घरातला आहे!" या युक्तिवादापुढे आई पर्स उघडते. त्याच्या खेळात खरोखरच बादलीत एक समुद्र असतो, आणि फ्रिजच्या वरच्या कप्प्यात हिमालय असतो. तिथे साध्या कपड्यांत कसं जायचं? मूल आपल्यापेक्षा जास्त तर्कशुद्ध असतं. आपण घरी, कचेरीत आणि लग्नात वेगवेगळे कपडे घालतो, वेगवेगळे चेहरे करतो, त्याला कोणी विचित्र म्हणत नाही.

तर हे माझं व्याख्यान. त्यात एक उणीव होती. ती बावीस वर्षं कोणाच्या लक्षात आली नाही, आणि दोन महिन्यांपूर्वी या मुकुलच्या लक्षात आली.

ते कारखान्यात भेटायला आले होते. चहा झाला, फोटो झाले. मग जरा संकोचून म्हणाले, "मॅडम, एक विचारू? राग नका मानू. मी परवा कपाट साफ करत होतो. एकतीस आहेत, पण एकाचाही उजवा पंजा उघडा नाही. तोफ, हातमोजा, जाळं, प्लास्टर, काही ना काही आहेच. आणि तुम्ही साधा वज्रभान कधी काढलाच नाही. खोक्यावर जो छापलाय तो. मी बारा वर्षांचा असल्यापासून वाट बघतोय. का हो असं?"

मी त्यांना म्हटलं, मूळ नायक हा मुलाच्या मनात असावा, दुकानात नाही. माझं ठेवणीतलं वाक्य आहे ते. सर्वेशच्या खात्यानं साधा वज्रभान काढू या म्हणून चार वेळा प्रस्ताव आणला, चारही वेळा मी हेच वाक्य टाकलं, आणि चारही वेळा सगळ्यांनी माना डोलावल्या. मुकुलनीही डोलावली. ते गेले. मी दार लावून घेतलं, आणि खूप वेळ काही काम केलं नाही.

आता मी सत्कारमूर्तींकडे वळते. निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तींचा जीवनपट सांगायचा असतो. नंदूभाऊंचे वडील गिरणीत होते. संपानंतर ते कुडाळकडच्या गावी परतले, आणि सतरा वर्षांचे नंदूभाऊ मामांकडे वाकोल्याला राहिले, आयटीआयला डायमेकिंग शिकले. पोलादात उलटी आकृती कोरायची, म्हणजे प्लास्टिक ओतलं की सुलटी निघते, हे त्यांचं काम. हातानं कानस मारून त्यांनी जे काम केलंय ते आजची मशिनं करतात, पण तोंड वाकडं करून करतात. त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. कमी बोलणार, आणि बोलले की अर्धं मुंबईचं आणि अर्धं मालवणी. माझ्याकडे पहिल्यांदा बघून ते म्हणाले होते, "मॅडम, कागदार खोडरबर चालता. पोलाद एकदा कापला की कापला."

दोन हजार तीनचा जुलै. मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते. वज्रभानाचा पहिला मोल्ड तयार झाला. साहेबांनी दिवाळीचा माल आधीच कबूल केला होता. पहिले नग काढले, जोडले, आणि साहेबांनी सगळ्या कारखान्याला खाली बोलावलं. पेढे आणले होते. जुन्या लोकांना आठवत असेल. सुनंदाताई, तुम्ही तिथेच होतात, पेढ्यांचा खोका तुमच्या हातात होता. साहेबांनी वज्रभान उचलला, फिरवून पाहिला, आणि पेढा तसाच खाली ठेवला.

त्याला दोन डावे हात होते.

दोन्ही अंगठे एकाच बाजूला. आपला महानायक उजव्या खांद्यातून डावा हात लटकवून उभा होता. कोणी तरी हसलं, आणि मग कोणीच हसलं नाही. नवा हात कापायचा तर सगळा मोल्ड पुन्हा खोलावा लागणार होता, दिवाळी उलटून गेली असती. साहेब म्हणाले, "ड्रॉइंग आणा." मी म्हटलं, "मी आणते."

टूलरूमपासून माझ्या टेबलापर्यंत सतरा पायऱ्या आहेत. मी वर गेले, ड्रॉइंग उलगडलं. हाताचं चित्र एकच होतं, डाव्या हाताचं. त्याच्या खाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नग २'. बाकी काही नाही. अशा वेळी लिहायचं असतं, एक दाखवल्याप्रमाणे आणि एक उलट हाताचा. ते मी लिहायचं विसरले होते. कागद म्हणत होता, असे दोन करा. नंदूभाऊंनी तसे दोन केले होते.

पेन्सिल तिथेच होती. मी त्या दोनच्या पुढे लिहिलं, 'एक दाखवल्याप्रमाणे, एक उलट हाताचा'. आणि कागद घेऊन खाली आले.

(बसा, नंदूभाऊ. कृपा करून बसा. तुम्ही सांगितलं होतं म्हणूनच सांगतेय.)

साहेबांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "नंदू, वीस वर्षं झाली तुला या धंद्यात. तुला साधं ड्रॉइंग वाचता येत नाही?" नंदूभाऊंनी कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि खाली मान घातली.

साहेब, तुम्ही त्या दिवशी कागद वाचून निर्णय दिलात. तुमची चूक नव्हती, कागद खोटा होता. मी वरच्या मजल्यावरची होते, कलाशाळेची पदवी होती, पार्ल्याच्या काण्यांची मुलगी होते. माझ्यावर संशय घ्यावा असं कोणाच्या मनातही आलं नाही. साहेब नंदूभाऊंना कामावरून काढायला निघाले, तेव्हा मीच मध्ये पडले. म्हटलं, साहेब, जाऊ द्यात, माणसाच्या हातून होतं. केवढं कौतुक झालं माझं! आठच दिवसांनी रत्नप्रभावहिनी कारखान्याच्या दाराशी मला भेटायला आल्या. माझे हात धरून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही होतात म्हणून आमची चूल पेटती राहिली." तेव्हापासून दर वर्षी गणपतीहून परतताना त्यांच्याकडून माझ्यासाठी खाजा येतो. वहिनी, तो मी बावीस वर्षं खाल्ला. एकदाही घशात अडकला नाही, याची मला आज लाज वाटते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, फक्त उलट्या बाजूनं माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदूभाऊ माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी बॉलपेनचं निळं टोपण कापून वज्रभानाच्या त्या चुकलेल्या पंजावर बसवलं होतं. "मॅडम, हात झाकूया. तोफ म्हणा ह्येका." टोपणाचा मोल्ड चार दिवसांत झाला. तोफहात वज्रभान दिवाळीत गेला, आणि मुलांना तो इतका आवडला की नाताळात दुकानदार विचारू लागले, आता नवीन काय? मग आम्ही हातमोजा घातला. हातमोजा घातला म्हणून बर्फ आणावा लागला. बर्फाआधी हातमोजा आला, हे मी कुठल्याच व्याख्यानात सांगितलं नाही.

दर जानेवारीत आम्ही दोघं टूलरूमच्या बाकावर बसायचो. मी वही काढायचे, ते चहा सांगायचे, आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "काय मॅडम, ह्या वर्षी हात खंय लपवूचो?" एकदा हसून म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही हसले. माझी मूठ तेव्हाही झाकलेलीच होती.

तुम्ही विचाराल, पुढे सवड मिळाल्यावर हात दुरुस्त का नाही केला? चालत्या गाडीला खीळ कोण घालणार, असं मी सांगत राहिले. खरं कारण एवढंच, की नवा हात करायचा म्हणजे जुनं ड्रॉइंग बाहेर काढावं लागलं असतं. जगात सगळीकडे अशी सोंगं निघतात ती पोलाद महाग आणि मुलं कल्पक म्हणून. आपल्याकडे त्याशिवाय आणखी एक कारण होतं. मी घाबरलेली होते. माझ्या भीतीला एकतीस वेगवेगळे कपडे शिवले, आणि त्यालाच लोक माझी प्रतिभा म्हणत राहिले.

आणि त्याची किंमत कोणी दिली? टूलरूमचं प्रमुखपद नऊ वर्षं दुसऱ्यांकडे गेलं. शिवाय एक शिक्का तयार झाला. लाकडी मुठीचा, जांभळ्या शाईचा, 'दोन्ही हात तपासले' असा. कारखान्यातलं एकही ड्रॉइंग त्याच्याशिवाय खाली जात नाही. तुम्ही त्याला काय म्हणता? नंदू-शिक्का. नवीन माणूस लागला की पहिल्या दिवशी त्याला ती गोष्ट सांगितली जाते. मागच्या महिन्यात आमच्याकडे नव्यानं लागलेली ऋतिका मला म्हणाली, "मॅडम, ड्रॉइंगला नंदू मारून आणते." बिचारीला काय माहीत? नंदूभाऊ तिच्या मागेच उभे होते. ते बाजूला झाले, तिला वाट दिली, आणि मी बघत राहिले.

त्या दिवशी मी घरी जाऊन ड्रॉइंग बोर्ड काढला, बावीस वर्षांनी. हातानं एक ड्रॉइंग केलं. वज्रभानाचा उजवा हात, नग १. दुसऱ्या दिवशी ते घेऊन सतरा पायऱ्या उतरले आणि नंदूभाऊंच्या बाकावर ठेवलं. म्हटलं, एक छोटं काम आहे, तुम्ही जाण्याआधी करून द्याल का?

त्यांनी उजव्या हाताच्या चित्रावर बोट फिरवलं. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, कानशींच्या खालून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या ड्रॉइंगशेजारी ठेवला. ती अमोनिया प्रिंट होती, पूर्वी ड्रॉइंगची काढायचे तशी नक्कल. मूळ ड्रॉइंगची, मी पेन्सिल चालवण्याआधी काढलेली, मोल्ड कापायला त्यांना दिलेली. निळसर, कडा खाल्लेली. तिच्यावर लिहिलं होतं, 'नग २'. आणि पुढे कोरं.

ती प्रिंट त्या दिवशी, जुलैत, त्यांच्यापासून बारा पावलांवर याच ड्रॉवरमध्ये होती.

मी विचारलं, "दाखवली का नाहीत?"

ते म्हणाले, "निघालो होतो ड्रॉवरकडे. दोन पावलं गेलो पण. मग तुमच्याकडे बघितलं. वाटलं, आता बोलेल पोरगी. आता बोलेल. तोवर साहेब बोलून मोकळे झाले." मग म्हणाले, "आणि खोटं कशाला बोलू, चूक माझीपण होती. माणसाला दोन डावे हात नसतात, हे कळायला ड्रॉइंग कशाला लागतं? मी पण बघायला हवं होतं. म्हणून त्या दिवसाचा राग नाय माका."

"मग कशाचा आहे?" मी विचारलं.

"शिक्क्याचा," ते म्हणाले. "रत्नाला मी त्याच दिवशी सगळं सांगितलेलं. ती म्हणाली, मॅडम शिकलेल्या, त्या असं कशाला करतील? तुम्हीच काहीतरी चुकला असाल. अजून तिला तसंच वाटतं. आमची पोरगी ड्रॉइंग तपासायच्या नोकरीला लागली पवईला. तिनं विचारलं, पप्पा, तुम्हाला खरंच कळलं नव्हतं का? प्रिंट दाखवली असती. पण म्हटलं, बाप इतकी वर्षं कागद लपवून का बसला, ते कसं सांगू?"

मी रडायला लागले. मी त्यांना म्हटलं, मी आज घरी येते, वहिनींना आणि रुचिराला सांगते. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "घरात नको. तेव्हा सगळ्यांसमोर झालं होतं. सांगायचं तर सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर राहू दे, मी काय आता जातोच आहे."

म्हणून आज मी इथे उभी आहे. रुचिरा, ही ती प्रिंट. तू हे काम रोज करतेस, तुला समजावून सांगायची गरज नाही. ये, घे. उजेडात धरून वाच. तुझ्या वडिलांना ड्रॉइंग नीट वाचता येत होतं. जे लिहिलं होतं तेच त्यांनी कापलं. वहिनी, ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून खरं सांगत होते. शिकलेली माणसंही असं करतात.

आता आपल्या प्रथेकडे येते. आपल्याकडे निवृत्त होणाऱ्याला त्याचा स्वतःचा वज्रभान देतात. दशरथ वॉचमनना बॅटरीवाला दिला होता, सुनंदाताईंसाठी पॅकिंगची टेप हाताला गुंडाळलेला करून ठेवलाय, पण अजून चार वर्षं आहेत, सुनंदाताई, विसरल्यासारखं करा. साहेबांच्या हस्ते आता नंदूभाऊंना जो देणार आहोत, त्याला काहीही नाही. तोफ नाही, मोजा नाही, जाळं नाही. खोक्यावर छापलेला साधा वज्रभान. त्याचा उजवा हात नंदूभाऊंनी स्वतः कापला, लहान हातमशिनीवर काढला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. तेव्हा एवढंच म्हणाले, "अंगठा बघून घ्या मॅडम." मी बघितला. आतल्या बाजूला आहे, जिथे असायला हवा तिथे. मुकुल, असाच दुसरा तुमच्यासाठी आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नव्हतं, ते आज दिलं. बत्तिसाव्यासाठी कपाटात जागा करा.

अध्यक्ष महाराज, माझी आपल्याला जाहीर विनंती आहे. मी शिक्षेला पात्र असेन तर ती आपण ठरवावी, मी उद्या दहा वाजता आपल्या खोलीत येईन. पण शिक्क्याचं आजच ठरवा. तो चांगला शिक्का आहे, त्यानं बऱ्याच चुका वाचवल्या आहेत, तो राहू द्या. फक्त त्याचं नाव बदला. उद्यापासून ड्रॉइंगला नंदू मारायचा नाही. उत्तरा मारा. नवीन माणसाला पहिल्या दिवशी गोष्ट सांगायचीच आहे, तर खरी सांगा. ऋतिका, तू सुरुवात कर. सर्वेश, तुझे ते शब्दही घे परत. ज्यांना द्यायला हवे होते, ते तिथे शाल पांघरून बसलेत.

समारोप करते. अध्यक्षांनी मला बोलायची संधी दिली, हॉलच्या मॅनेजरनी दोनदा घड्याळ दाखवूनही दिवे बंद केले नाहीत, केटरिंगच्या मंडळींनी वडे गरम ठेवले, आणि तुम्ही सगळ्यांनी हे शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहून गेलं असेल, काही अधिक-उणं झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. प्रत्येक भाषणाच्या शेवटी मी हे म्हणते, लोक टाळ्या वाजवतात आणि माफी मिळाली असं मी धरून चालते.

पण एका चुकीची क्षमा मी तुम्हा सर्वांकडे मागत नाही. ती टाळ्यांत वाहून जायला नको. ती एकाच माणसाची आहे. नंदूभाऊ, मला माफ करा. आणि घाईनं मान हलवू नका, सवयीनं 'जाऊ द्या मॅडम' म्हणू नका. मला तोंड उघडायला बावीस वर्षं लागली. तुम्हीही हवा तेवढा वेळ घ्या.

नमस्कार.